प्रवाळभक्षी फुलपाखरू मासा आणि घरगुती मत्स्यालय : आहाराच्या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सागरी जीव काचेच्या टाकीत पाळण्याचा इतिहास बहुधा तांत्रिक प्रगतीचा इतिहास म्हणून मांडला जातो. पाण्याची क्षारता, शुद्धीकरण, तापमान आणि प्रकाश हे प्रश्न गेल्या पावणेदोनशे वर्षांत एकामागून एक बऱ्याच अंशी सुटले. परंतु समुद्रात केवळ जिवंत प्रवाळावर जगणाऱ्या माशाला घरात काय खाऊ घालावे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या वाटचालीचा आढावा घेऊन, तो केवळ खाद्याचा प्रश्न होता काय, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

माशाचा परिचय

फुलपाखरू माशांच्या कीटोडॉन्टिडी या कुळात सुमारे १३० जाती आहेत. लिनियस यांनी १७५८ मध्ये योजलेल्या ‘कीटोडॉन’ या प्रजातिनामाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘केसासारखे दात असलेला’ असा होतो. या बारीक दातांनी मासा प्रवाळाचे मऊ पॉलिप टिपतो. सर्व जातींचा आहार मात्र सारखा नाही. काही जाती कृमी, लहान कवचधारी जीव, शैवाल असे मिश्र अन्न घेतात, तर कीटोडॉन ट्रायफॅसिॲलिस ही जाती प्रामुख्याने ॲक्रोपोरा प्रवाळाच्या मोजक्या प्रकारांवरच जगते. कोल, प्रॅचेट आणि जोन्स यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात प्रवाळ खाणाऱ्या माशांच्या १२८ जाती नोंदविल्या असून त्यांपैकी ६९ जाती या एकाच कुळातील आहेत. प्रवाळाच्या मांसल भागात पोषण कमी असल्याने हे मासे दिवसाचा बहुतेक वेळ चरण्यात घालवितात. दिवसातून एक-दोनदा चिमूटभर खाद्य टाकण्याची मत्स्यालयातील रीत त्यांच्या जीवनक्रमाशी मुळातच विसंगत ठरते.

प्रारंभीचा कालखंड

घरात प्रवाळ जगविण्याचा एक आरंभीचा प्रयोग अॅना थिन या इंग्रज महिलेने केला. १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून लंडनला आणलेले थंड समुद्रातील प्रवाळ त्यांनी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहून जिवंत ठेवले. हे कष्टाचे काम त्यांची मोलकरीण करीत असे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने या छंदाला मध्यमवर्गीय घरांत स्थान मिळवून दिले. उष्ण कटिबंधातील प्रवाळमासे मात्र या छंदाच्या आवाक्याबाहेरच होते.

मासे प्रवाळ खातात हे निसर्गनिरीक्षकांना ज्ञात होते. एप्रिल १८३६ मध्ये कीलिंग बेटांवर चार्ल्स डार्विन यांनी पोपटमाशांची पोटे उघडली असता ती चुनखडीच्या वाळूने भरलेली आढळली. फुलपाखरू मासा सामान्यतः प्रवाळाचा सांगाडा न फोडता केवळ मांसल भाग टिपतो. त्यामुळे त्याच्या आहाराचा असा ठळक पुरावा सहजी मिळत नाही. तो काय खातो, हे नीट समजण्यासाठी संशोधकाला पाण्याखाली जाऊन त्याच्यामागे फिरावे लागले. हायॅट आणि स्ट्रासबर्ग यांचे मार्शल बेटांवरील संशोधन १९६० मध्ये, तर प्रवाळ आणि या माशांच्या परस्परसंबंधांवरील अर्न्स्ट रीझ यांचे लेखन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.

व्यापार आणि उपासमार

याच सुमारास हवाई मालवाहतूक, तयार कृत्रिम समुद्री मीठ आणि वाळूखालील गाळणयंत्रणा यांमुळे सागरी मत्स्यालय सामान्य घरांत पोहोचले. मासा निवडला जाई तो रंगावरून, आहारावरून नव्हे. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकात शोभेचे मासे सायनाइडच्या साहाय्याने पकडण्यास प्रारंभ झाला होता. त्यामुळे घरी आणलेला मासा दगावला, तर तो विषाने गेला की भुकेने, हे सांगणे कठीण होई.

त्या काळातील टाकीची रचना या संदर्भात लक्षणीय आहे. शोभेसाठी तीत प्रवाळांचे धुतलेले पांढरे सांगाडे मांडले जात. माशांच्या रोगांवर तांब्याची औषधे वापरली जात आणि ती जिवंत प्रवाळाला घातक असत. परिणामी, प्रवाळभक्षी मासा आपल्या अन्नाच्या सांगाड्यांमध्येच उपाशी राही. आर्टेमिया, चिरलेली कोळंबी, उघडलेल्या शिंपल्यातील मांस असे पर्याय दिले जात. काही मासे ते स्वीकारत, काही केवळ हुंगून दूर जात, तर काही खाऊनही हळूहळू खंगत.

जिवंत प्रवाळाचे युग

१९६१ मध्ये जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे यांच्या आधारे नैसर्गिक मत्स्यालयाची पद्धती मांडली. पुढे बर्लिनमधील छांदिष्टांनी तीव्र प्रकाश व फेसाद्वारे पाणी शुद्ध करणारी यंत्रणा यांचा मेळ घातला. १९८० च्या दशकात डिट्रिश श्ट्यूबर यांनी ॲक्रोपोरा टाकीत वाढवून त्याच्या फांद्यांपासून नवी प्रवाळे तयार केली. झाडाच्या कलमाप्रमाणे प्रवाळ वाढविता येते, हे सिद्ध झाले. वैरण पिकवावी तसे या माशाचे अन्न घरी पिकविणे आता तत्त्वतः शक्य होते.

प्रत्यक्षात मात्र याच वेळी त्याच्यासाठी टाकीचे दार बंद झाले. कष्टाने व खर्चाने वाढविलेले प्रवाळ हेच आता छंदाचे केंद्र बनले आणि ते खाणारा मासा शत्रू ठरला. पूर्वी अन्न नव्हते म्हणून तो उपाशी राहिला. आता अन्न होते, पण ते त्याच्यासाठी नव्हते. अपवादाने काही पालकांनी स्वतंत्र टाकीत प्रवाळाच्या फांद्या वाढवून त्या माशाला चारण्याचा मार्ग पत्करला. काहींनी शिंपल्याचे मांस, माशांची अंडी व जिलेटिन यांचा लगदा मृत प्रवाळाच्या सांगाड्यावर थापून, लहान वयाच्या माशांना तो टिपण्याची सवय लावली. एकेकाळी शोभेची वस्तू असलेला सांगाडा अशा रीतीने माशाचे ताट बनला. या प्रयोगांना काही यश आले, तरी ते मासा, त्याची जाती आणि पालकाची चिकाटी यांवर अवलंबून राहिले.

कायदा आणि नीती

दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. भारतात २००१ मध्ये दगडी प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला. त्यामुळे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झालेल्या मालवणच्या समुद्रातील प्रवाळाची फांदी माशाला चारण्यासाठी तोडणे हा गुन्हा ठरतो. येथे प्रश्न केवळ कायद्याचा नाही. एका शोभेच्या माशासाठी संथपणे वाढणारी वसाहत दररोज खर्ची घालावी काय, हा त्यामागील नैतिक प्रश्न आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, क्षारता आणि प्रकाश यांची नक्कल यंत्राने करता आली. मासा आणि प्रवाळ यांच्यातील संबंधाची तशी नक्कल करता आली नाही. रीझ यांनी १९८१ मध्ये हे मासे प्रवाळ भित्तीच्या आरोग्याचे निदर्शक मानावेत, असे सुचविले होते. १९९८ च्या व्यापक प्रवाळ विरंजनानंतर प्रवाळावरच जगणाऱ्या माशांची संख्या अनेक ठिकाणी घटली, तेव्हा त्या सूचनेचे महत्त्व अधिक स्पष्ट झाले. प्रवाळाविना या माशाची जी अवस्था घरातील टाकीत झाली, तीच समुद्रातही होऊ शकते, हे त्यातून दिसले. या माशाने अन्न नाकारणे हा पालकांनी दीर्घकाळ त्याचा दोष मानला. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्याकडे एक साक्ष म्हणून पाहणे उचित ठरेल. ती साक्ष मान्य करून हा मासा घरी न आणण्याचा निर्णय घेणे, हेही या इतिहासातून मिळालेले ज्ञानच होय.