छायाचित्रकार आणि शाळा

छायाचित्रणाचा धंदा करूं पाहणाऱ्या मुलाला शाळेंत घालावें, कीं एखाद्या स्टुडिओंत उमेदवारीस ठेवावें, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो. पदवीवांचून ह्याचें कसें होणार, ही वडिलांची चिंता. हातांत कॅमेरा असतां पदवी कशाला, हा मुलाचा युक्तिवाद. ह्या वादावर इतिहास काय सांगतो, हें पाहण्यासारखें आहे.

डागेरची कृति पॅरिस येथें १८३९ सालीं जाहीर झाली. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनीं, १८५५ मध्यें, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें ह्या विद्येचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गांत शिकले. पुढें त्यांनीं मुंबईंत स्टुडिओ थाटला, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. त्या काळीं काचेवर कोलोडियनचा लेप द्यावा, ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावी आणि ओली आहे तोंच चित्र घेऊन धुवावी, असा खटाटोप असे. एवढें रसायन नुसत्या पुस्तकावरून साधणें कठीण. म्हणून वर्गाचा उपयोग उघड होता.

लाला दीनदयाळ ह्यांची वाट निराळी. मेरठजवळच्या सरधना गांवीं १८४४ मध्यें जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजांत स्थापत्य शिकले व इंदूरला बांधकाम खात्यांत नोकरीस लागले. कॅमेरा त्यांनीं हातीं घेतला तो नोकरींत असतांना, १८७४ च्या सुमारास. सर लेपेल ग्रिफिन ह्यांच्यासमवेत फिरून त्यांनीं मध्य हिंदुस्थानांतील प्राचीन वास्तूंचीं चित्रें घेतलीं. पुढें हैदराबादचे निजाम महबूब अली खान ह्यांनीं त्यांना आश्रय दिला व 'राजा' हा किताबही दिला. त्यांचें शिक्षण इमारतींचें, कीर्ति मात्र चित्रांची. तरी त्यांनीं टिपलेलीं मंदिरें व किल्ले पाहिले म्हणजे रेषा आणि प्रमाण ह्यांची नजर रुडकीस घडली असावी, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

येथवर शाळेचें पारडें जड दिसतें. परंतु दादासाहेब फाळके ह्यांचें उदाहरण वेगळें आहे. ते १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले व नंतर बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रणही शिकले. इतकें शिकून त्यांनीं गोध्रा येथें स्टुडिओ काढला. पण पत्नी व मूल प्लेगनें गेलीं आणि त्यांना तें गांव सोडावें लागलें. शिक्षण त्यांना संकटांतून वांचवूं शकलें नाहीं. मात्र तें वायांही गेलें नाहीं. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, त्यापूर्वीं फिल्म घरींच धुतली जाई व दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई त्या कामीं मदत करीत. चित्रकाराचा डोळा आणि रसायनाचा सराव त्या दिवशीं उपयोगी पडला.

नवसारीच्या होमाई व्यारावाला जे. जे. मध्यें कला शिकल्या. कॅमेरा मात्र त्या शिकल्या माणेकशा व्यारावाला ह्यांच्याजवळ, आणि त्यांच्याशींच पुढें विवाह झाला. तरीही आरंभीं त्यांचीं चित्रें पतीच्या नांवानें छापलीं जात, कारण ह्या धंद्यांत स्त्रीचें नांव कोणास ओळखीचें नव्हतें. कलाशाळेनें ही अडचण दूर केली नाहीं; ती दूर झाली त्यांच्या कामानें. १९४२ मध्यें त्या दिल्लीस गेल्या, १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा त्यांनीं टिपला, आणि २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें.

वकिलास सनद लागते, डॉक्टरास पदवी लागते. छायाचित्रकारास कायदा कांहींच विचारीत नाहीं. गिऱ्हाईक विचारतें तें एवढेंच, कीं चित्र कोठें आहे? म्हणून घरांतील वादांत विचारावयाचा प्रश्न प्रमाणपत्राचा नव्हे. ज्या ठिकाणीं मुलाची नजर घडेल आणि जाणत्या माणसाच्या शेजारीं उभें राहून त्याला काम करतां येईल, तेथें त्याला पाठवावें. तें ठिकाण कोणासाठीं कॉलेज असेल, कोणासाठीं स्टुडिओ. दीनदयाळ आणि होमाईबाई ह्यांना मात्र दोन्ही ठिकाणांचा लाभ वेगवेगळ्या वेळीं व्हावा लागला, हें विसरूं नये.