एमिग्रंट की इमिग्रंट?

गेल्या वर्षी लेकीला शाळेत कुटुंबाविषयी निबंध लिहायचा होता. तिने एका ओळीत मला ‘एमिग्रंट’ केले होते आणि पुढच्याच ओळीत ‘इमिग्रंट’. मी लाल पेन घेऊन बसलो, तर म्हणाली, “बाबा, तू नक्की कोण आहेस?”

तिला आपली आयात-निर्यात सांगितली. ‘या’ धातू एकच. ‘आ’ लागले की आत, ‘निर्’ लागले की बाहेर. तसेच लॅटिन ‘मिग्रारे’चे, म्हणजे जागा बदलण्याचे. सोडून जाणारा एमिग्रंट, येऊन राहणारा इमिग्रंट. माणूस तोच, फक्त बघणारा कुठल्या किनाऱ्यावर उभा आहे ते पाहायचे.

गंमत अशी की खुद्द अमेरिकेलाही हा फरक पचायला वेळ लागला. जेरेमी बेलनॅप या पाद्र्याने न्यू हॅम्पशायरच्या इतिहासाच्या १७९२ सालच्या खंडात ‘इमिग्रंट’ शब्द वापरला आणि प्रस्तावनेत त्याचे समर्थनही केले: इंग्रजी कोशांना धरून नाही, पण लोकसंख्येविषयी लिहिताना सोयीचा आहे. वेबस्टरच्या १८२८ च्या कोशात तो आहे. तरीही न्यूयॉर्क राज्याने १८४७ मध्ये आलेल्यांसाठी मंडळ नेमले ते ‘एमिग्रेशन’चे, आयरिश लोकांनी १८५० मध्ये काढलेली बँक ‘एमिग्रंट’, आणि १८५५ मध्ये कॅसल गार्डनला उघडलेला धक्काही ‘एमिग्रंट’! (स्वातंत्र्यदेवतेला जाताना आपण पाहुण्यांसाठी बोटीची तिकिटे काढतो, तीच ही गोल दगडी इमारत.) १८९० पर्यंत तिथून ८० लाखांच्या आसपास माणसे आत आली, पण नावाने ती अजून युरोपातून ‘गेलेली’च होती. पुढे कारभार वॉशिंग्टनकडे गेला. १८९१ च्या कायद्याने ‘इमिग्रेशन’चा अधिकारी नेमला आणि १८९२ मध्ये एलिस आयलंड उघडले.

आता माझे कागद. २००३ मध्ये एमएससाठी निघालो तेव्हा पासपोर्टवर शिक्का होता, ‘एमिग्रेशन तपासणीची गरज नाही’. तो भारताच्या १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यातला. त्याच पासपोर्टात अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा होता, ‘नॉन-इमिग्रंट’ वर्गातला. १९५२ चा इथला कायदा व्हिसा मागणाऱ्याला मुळात इमिग्रंटच समजतो. तसे नाही हे आपणच पटवायचे. मुलाखतीच्या खिडकीपाशी मी अगदी मनापासून सांगितले, “शिकून परत येणार.” खोटे बोललो नव्हतो. तेव्हा तसेच ठरले होते. थोडक्यात, कागदोपत्री मी धड गेलोही नव्हतो आणि धड आलोही नव्हतो!

अकरा वर्षांनी ग्रीन कार्ड हातात पडले आणि मी कायद्याने इमिग्रंट झालो. त्याच रात्री पुण्याला फोन लावला. बायको मागून पेढ्यांचे सांगत होती. आई म्हणाली, “छान झालं रे.” मग थोडा वेळ थांबून, “म्हणजे आता गेलासच म्हणायचं.”

लेकीच्या निबंधातले दोन्ही शब्द मी तसेच राहू दिले.