वातविहत कलिंग : खारवेलाच्या शिलालेखापासून महाबात्येपर्यंत

ओडिशाची राजधानी भुवनेश्वर हिच्याजवळ उदयगिरी व खंडगिरी या दोन टेकड्या समोरासमोर उभ्या आहेत. खंडगिरीच्या माथ्यावर एकोणिसाव्या शतकातील जिनमंदिर आहे आणि उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगाधिपती सम्राट खारवेलाचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे. ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील या सतरा ओळींचा प्रारंभ अरिहंत व सिद्ध यांना केलेल्या नमस्काराने होतो. णमोकार मंत्राच्या पहिल्या दोन पदांशी जुळणारा असा प्राचीन कोरीव पुरावा म्हणून हा लेख जैन समाजाला परिचित आहे. नंद राजाने मगधास नेलेली कलिंगजिनाची प्रतिमा खारवेलाने परत आणली, हा त्यातील प्रसंग तर व्याख्यानांतून व पाठशाळांतून वारंवार सांगितला जातो. त्याच लेखातील राज्यारोहणाच्या पहिल्या वर्षाची नोंद मात्र फारशी सांगितली जात नाही. ती नोंद युद्धाची नाही आणि दिग्विजयाचीही नाही. ती वादळाने मोडलेल्या नगराच्या दुरुस्तीची आहे.

वयाच्या चोविसाव्या वर्षी खारवेलाचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर प्रथम वर्षी त्याने वादळामुळे हानी पोहोचलेली कलिंगनगरीची गोपुरे, तटबंदी आणि निवासस्थाने यांचा जीर्णोद्धार केला, शीतल जलाच्या तलावांचे बांध घातले आणि उद्याने पुन्हा उभी केली, असे लेख सांगतो. पस्तीस लक्ष हा आकडाही तेथे येतो. तो खर्चाचा मानावा की प्रजेच्या संख्येचा, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. खारवेलाचा काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक की पहिले, हा वादही मिटलेला नाही. काळ कोणताही धरला, तरी तुफानानंतरच्या पुनर्बांधणीची इतकी जुनी व इतकी नेमकी राजकीय नोंद भारतात विरळाच. गोपुर, तट, घर, पाणी, झाड हा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे.

या लेखाच्या वाचनाशी मुंबईचा जवळचा संबंध आहे. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले. परंतु राजाचे नाव त्यास नीट लागले नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात मुंबईत घडलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाचनात 'खारवेल' हे नाव निश्चित केले. पुढे काशीप्रसाद जयस्वाल आणि राखालदास बॅनर्जी यांनी त्यावर दीर्घकाळ परिश्रम घेतले. १९४८ मध्ये ब्र. बा. लाल यांनी भुवनेश्वरलगतच्या शिशुपालगड येथे उत्खनन करून भक्कम तटबंदी व भव्य प्रवेशद्वार उजेडात आणले. अनेक अभ्यासक याच जागेस कलिंगनगरी मानतात.

शिलालेख राजाचा आहे, हे मात्र विसरता येत नाही. किनाऱ्यावरील खेड्यांत त्या वादळाने काय केले, किती माणसे व किती गुरे गेली, याविषयी त्यात अवाक्षर नाही. नगराचे दुःख दगडावर कोरले गेले, पण खेड्याचे दुःख कोणी कोरले नाही. दोन सहस्र वर्षांनंतर त्याच भूमीवर आलेल्या दुसऱ्या वादळाने ही उणीव फार मोठ्या किमतीने दाखवून दिली.

ओडिया भाषेत चक्रीवादळास 'बात्या' म्हणतात. शिलालेखातील 'वात' आणि हा शब्द एकाच मूळचे आहेत. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या वादळास तेथील लोक 'महाबात्या' म्हणतात. त्याच्या अवघ्या बारा दिवस आधी गंजाम जिल्ह्याच्या किनाऱ्यास एका वादळाचा तडाखा बसलेला होता व शासकीय यंत्रणा त्यातच गुंतलेली होती. पारादीपच्या नैर्ऋत्येस, एरसमा व बालिकुदा या भागांत महाबात्या भूमीवर आली तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. महानदी व देवी या नद्यांच्या मुखाजवळची ती जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम उंच. पाच ते सहा मीटर उंचीची समुद्राची लाट तिच्यावरून कित्येक किलोमीटर आत गेली. मृत्यू वाऱ्याने कमी व या पाण्याने अधिक झाले. त्यानंतर वादळ पुढे न सरकता रेंगाळले आणि अतिवृष्टीने जाजपूर, भद्रक या भागांत नद्यांना पूर आले.

शासकीय नोंदीनुसार मृतांची संख्या दहा हजारांच्या आसपास होती. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातील होते. पारादीप परिसरात झोपड्या बांधून राहणाऱ्या मजुरांची व मासेमारांची मोजणी कितपत झाली, याविषयी तेव्हापासून शंका घेतली जाते. राजधानीच वादळाच्या माऱ्यात सापडल्यामुळे वीज व दूरध्वनी बंद पडले आणि उन्मळलेल्या वृक्षांनी रस्ते अडले. एरसम्याची खरी अवस्था जगाला कळण्यास कित्येक दिवस लागले. जे वाचले त्यांना ते दिवस पाण्याने वेढलेल्या उंचवट्यांवर, ओल्या धान्यावर व शहाळ्यांवर काढावे लागले. मदत पोहोचू लागली तेव्हा तिच्यात मुख्यतः चुडा, म्हणजे आपले पोहे, आणि गूळ होता. हे अन्न शिजवावे लागत नाही, आणि शिजविण्यास ना भांडे उरले होते ना सरपण.

त्यानंतरचा काळ वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. वस्तुतः समाजाची कसोटी त्या काळात लागली. चार लाखांहून अधिक गुरे मेली होती. जीवदया हे ज्यांचे व्रत आहे त्यांना या आकड्याची व्यथा वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु शेतकऱ्यास तिचा आणखी एक अर्थ होता. पुढील पेरणीस नांगर ओढण्यासाठी बैल नव्हते. ऑक्टोबरअखेरीस उभे असलेले खरिपाचे भात आडवे झाले, त्यामुळे धान्य गेले. भाताबरोबर पेंढाही गेला. पेंढा गेला म्हणजे उरलेल्या गुरांचा चारा गेला आणि मातीच्या घरांवर घालावयाचे छप्परही गेले. ज्या एका पिकावर माणूस, जनावर आणि घर असे तिघे उभे होते ते एका सकाळीत नाहीसे झाले.

समुद्राचे पाणी ओसरले तरी मीठ जमिनीतच राहिले. तळी खारट झाली, विहिरी बाटल्या. गोड्या पाण्याचे तळे हेच ज्या गावाचे पाणवठ्याचे व मासळीचे स्थान, तेथे ते तळे उपसून पुन्हा पावसाची वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता. शेतातील क्षार धुऊन निघण्यासही पावसाळाच हवा होता. या भागातील विड्याच्या पानांचे मळे दूरच्या बाजारपेठांना पान पुरवीत असत. बांबू व गवत यांनी छायांकित केलेले ते मळे वाऱ्यापुढे टिकले नाहीत, आणि रोख पैसा देणारे तेवढे एकच पीक होते. खारवेलाने वादळानंतर घरांच्या पाठोपाठ तलावांचे बांध का घातले असतील, हे एरसम्याच्या शेतकऱ्यास विचारले असते तर त्याने तत्काळ सांगितले असते.

मृतदेहांची व्यवस्था लावणे हे सर्वांत कठीण काम. ते सैनिकांनी आणि देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी केले. अनेकांची ओळख पटविणारेही उरले नव्हते. मागे राहिलेल्या विधवा व पोरकी मुले यांना नातलगांच्या दारी पाठविण्याऐवजी आपल्याच गावात एकत्र ठेवावे, असा प्रयत्न काही संस्थांनी केला. तो शहाणपणाचा होता. कारण गाव सुटले म्हणजे जमिनीवरील हक्कही सुटण्याची भीती होती.

शासनानेही धडा घेतला. डिसेंबर १९९९ मध्ये ओडिशाने आपत्तीसाठी स्वतंत्र राज्य प्राधिकरण स्थापन केले. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, म्हणजे ओडिशाचे पाऊल त्याच्या सहा वर्षे आधीचे. १९९९ मध्ये किनाऱ्यावर रेडक्रॉसने बांधलेले मोजकेच पक्के निवारे होते. त्यांत शिरलेली हजारो माणसे वाचली. हाच दाखला घेऊन पुढील वीस वर्षांत अशा निवाऱ्यांची संख्या आठशेवर गेली. ते एरवी शाळा म्हणून वापरले जातात, ही योजनेतील खरी दूरदृष्टी. वापरात नसलेली इमारत संकटाच्या दिवशी कुलूपबंदच सापडते. आणखी एक गोष्ट अभ्यासाने सिद्ध झाली. केंद्रापाडा जिल्ह्यातील शेकडो गावांची तुलना करून सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, ज्या गावांपुढे खारफुटीचे रुंद वन शिल्लक होते तेथे मृत्यू कमी झाले. भातशेतीसाठी तोडलेल्या वनाचा हिशेब असा चुकता झाला होता.

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ 'फायलिन' वादळ आले. तत्पूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या काही दशकांत राहिली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ 'फनी' आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास माणसे सुरक्षित स्थळी नेली गेली. ओडिशात ६४ जण दगावले. दर वर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस ओडिशात आपत्ती सज्जतेचा दिवस म्हणून पाळला जातो. जगतसिंहपूर जिल्ह्यातील नोलियासाही या मासेमारांच्या गावास २०२० मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने त्सुनामीसाठी सज्ज गाव म्हणून मान्यता दिली. ज्या जिल्ह्याने १९९९ मध्ये आठ हजार माणसे गमावली त्याच जिल्ह्यातील हे गाव.

माणसे वाचू लागली, घरे मात्र अजून वाचत नाहीत. 'फनी'नंतर पुरी जिल्ह्यातील लाखो लोक निवाऱ्यातून परतले ते उडालेल्या छपरांकडे, मोडलेल्या पानमळ्यांकडे आणि आडव्या पडलेल्या माडांकडे. कित्येक गावांत वीज येण्यास काही आठवडे लागले. नवा माड फळास येण्यास सहा-सात वर्षे लागतात आणि मातीचे घर पक्के करण्यास त्याहून अधिक. खारवेलाच्या लेखात गोपुर व तट यांच्या जोडीने 'निवेसन', म्हणजे राहती घरे, हा शब्द आहे. किनाऱ्यावरच्या खेड्यांत त्या एका शब्दाचे काम आजही चालू आहे.