लकवा झाल्यावर साखर किती असावी? वाढलेली वाईट, फार उतरलेलीही वाईट

'अंगावरून वारं गेलं' असं गावाकडं म्हणतात, तो लकवा मेंदूच्या झटक्याने येतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. दवाखान्यात नेल्यावर रक्तातली साखर लगेच तपासतात. मधुमेह नसला तरी झटक्याच्या ताणाने ती वाढू शकते.

साखरेचा मेंदूशी संबंध काय?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा लागते सुमारे २० टक्के. ती मुख्यतः साखरेतून मिळते. मात्र रक्त कमी पडलेल्या भागात साखर जास्त झाली की आम्ल साठतं आणि वाचू शकणाऱ्या पेशीही मरतात.

मग साखर झटकन खाली आणायची का?

नाही. अमेरिकेत गुठळीमुळे झटका आलेल्या १,१५१ रुग्णांवर झालेला 'शाईन' अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाची साखर ८० ते १३० मध्ये, दुसऱ्याची १८० च्या आत ठेवली. तीन महिन्यांनी सुधारणा दोन्हीकडं सारखीच. उलट कडक गटात २.६ टक्के रुग्णांची साखर ४० च्या खाली गेली. त्यामुळे सुरुवातीला दवाखान्यात ती साधारण १४० ते १८० दरम्यान ठेवतात.

घरच्यांनी काय करावं?

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तोंडात पाणी, चहा घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. साखर फार उतरली तरी लकव्यासारखीच लक्षणं दिसतात, म्हणून मधुमेहाची औषधं चालू असल्यास डॉक्टरांना सांगा.

घरी आणल्यावर खरी काळजी सुरू होते. रुग्ण अर्धीच भाकरी खातो, पण गोळी किंवा इन्सुलिन पहिल्याएवढंच चालू राहतं. अशानं साखर घसरते. बोलता न येणारा माणूस 'गरगरतंय' असं सांगू शकत नाही. दरदरून घाम, थरथर, सुस्ती दिसली की साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. नाहीतर थेट दवाखाना गाठा.

डोस मनानं कमी-जास्त करू नका, बंदही करू नका. जेवण कमी झालंय हे डॉक्टरांना सांगा. हातापायांचे व्यायाम पहिल्या तीन महिन्यांत चुकवू नका. सुधारणा याच काळात सर्वाधिक होते.