दोन नमस्कार : केंद्र नसलेल्या जाळ्याची भाषा बदलते तेव्हा

साहित्यचर्चेच्या या पानांवर संगणकांच्या प्रोटोकॉलविषयी लिहिले जावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु प्रोटोकॉल म्हणजे अखेर बोलण्याचा संकेतच होय. कोणी आधी बोलावे, कोणत्या शब्दांत बोलावे, ऐकणाऱ्याने काय उत्तर द्यावे, हे ठरवणारा करार. असा करार बदलायचा झाला तर तो कोणी बदलावा आणि ज्यांना नवा करार कळत नाही त्यांचे काय व्हावे, हे प्रश्न भाषा शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना परके नाहीत. विकेंद्रित समाजमाध्यमांच्या गेल्या काही वर्षांच्या इतिहासात ते फार स्पष्टपणे उभे राहिलेले दिसतात.

प्रथम एक जुने उदाहरण पाहू. इंटरनेटची पूर्वज असलेली आर्पानेट ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची यंत्रणा. १ जानेवारी १९८३ रोजी तिने आपली जुनी भाषा टाकून टीसीपी-आयपी ही नवी भाषा स्वीकारली. या स्थित्यंतराचा आराखडा जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्येच मांडला होता. मुदत ठरली, तयारी झाली आणि ठरल्या दिवशी जुनी भाषा बंद पडली. हे शक्य झाले, कारण आज्ञा देणारा एक मालक होता. जो ऐकणार नाही तो जाळ्याबाहेर, इतका सरळ हिशेब होता.

ई-मेलचे तसे नव्हते. १९८२ साली सिद्ध झालेला एसएमटीपी हा प्रोटोकॉल दहा वर्षांत असंख्य यंत्रांवर पसरला होता आणि त्या यंत्रांचा मालक एक नव्हता. १९९३ मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती आली, तेव्हा रचनाकारांनी एक साधी युक्ती योजली. संभाषणाच्या आरंभी एक यंत्र दुसऱ्याला ‘हेलो’ या शब्दाने अभिवादन करीत असे. नव्या यंत्राने त्याऐवजी ‘एहलो’ म्हणावे, असे ठरले. समोरच्याला ते कळले तर तो आपल्याला काय काय नवे येते याची यादी देतो. न कळले तर तो चूक झाल्याचे कळवतो आणि पाहुणा निमूटपणे जुना नमस्कार करतो. आजच्या सर्व्हरनाही तो जुना नमस्कार समजावा लागतो. जिथे आज्ञा चालत नाही तिथे सौजन्य कसे कामी येते, याचा हा नमुना म्हणता येईल.

समाजमाध्यमांच्या क्षेत्रात हाच प्रश्न २००८ नंतर उद्भवला. त्या वर्षी इव्हान प्रोड्रोमू यांनी ‘आयडेंटिका’ हे संकेतस्थळ सुरू केले. ते ट्विटरसारखेच होते, पण त्यामागचे सॉफ्टवेअर कोणालाही आपल्या सर्व्हरवर बसवता येत असे आणि एका सर्व्हरवरील माणसाला दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाचे लेखन आपल्या पानावर वाचता येत असे. यासाठी आरंभी ओपन मायक्रोब्लॉगिंग नावाचा प्रोटोकॉल होता. २०१० मध्ये त्याची जागा ओस्टेटसने घेतली. ओस्टेटस हे नवे बांधकाम नव्हते, अनेक जुन्या वस्तूंची ती जुळवणी होती. ब्लॉगांच्या जगातील अॅटम फीड, नवे लेखन वर्गणीदारांपर्यंत पोचवणारे मध्यवर्ती ठाणे आणि ‘सॅमन’ नावाचा उपप्रोटोकॉल हे त्याचे प्रमुख भाग. अंडी घालण्यासाठी नदीच्या प्रवाहाविरुद्ध उगमाकडे पोहत जाणारा हा मासा. वाचकाचा प्रतिसादही तसाच मूळ लेखनाकडे परत जावा, ही त्या नावामागची कल्पना.

२०१३ च्या मध्यावर स्वतः आयडेंटिकानेच ओस्टेटस सोडले आणि ती पंप डॉट आयओ या नव्या सॉफ्टवेअरवर गेली. नवी रचना अधिक सुटसुटीत होती, यात शंका नाही. परंतु तिला जुनी भाषा येत नव्हती. ज्या छोट्या सर्व्हरांवरील माणसे आयडेंटिकावरील परिचितांचे लेखन वाचत होती, त्यांचे धागे तुटले. जुना नमस्कार करण्याची सोयच ठेवली नव्हती. जुन्या सॉफ्टवेअरची परंपरा पुढे ग्नू सोशल या प्रकल्पाने चालवली. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. विकेंद्रित जाळ्यातील सर्वांत मोठ्या गावाने स्थलांतर केले आणि उरलेल्या वस्त्या आपसांत बोलत राहिल्या.

असे असूनही ओस्टेटस बदलणे अपरिहार्य होते, हेही मान्य करावयास हवे. ओस्टेटस जन्मले ते चव्हाट्यावरच्या बोलण्यासाठी. फीड कोणीही वाचावे हीच त्यामागची धारणा. ‘हे फक्त माझ्या ओळखीच्यांसाठी’ असे सांगण्याचे व्याकरणच त्यात नव्हते. २०१६ साली ऑयगेन रोख्को यांनी मॅस्टोडॉन आणले, तेव्हा त्यात मर्यादित वाचकांसाठी लिहिण्याची सोय दिली. परंतु ही खूण न समजणाऱ्या सर्व्हरच्या दृष्टीने तो मजकूर इतर मजकुरासारखाच होता. येथे जुन्या नमस्काराचे सौजन्य अपुरे पडते. समोरच्याला ‘गुपित’ हा शब्दच येत नसेल तर सोप्या भाषेत गुपित सांगण्यात काय अर्थ? ज्या बोलण्याने एखाद्याची नोकरी वा सुरक्षितता धोक्यात येऊ शकते, ते बोलणे जाळ्यातील सर्वांत जुन्या यंत्राइतकेच सुरक्षित राहते.

या अडचणीवर उत्तर दुसरीकडे तयार होत होते. डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेत २०१४ साली एक कार्यगट स्थापन झाला. क्रिस्टीन लेमर-वेबर, जेसिका टॅलन आदींनी पंप डॉट आयओच्याच अनुभवावर अॅक्टिव्हिटीपबची उभारणी केली. लेखकांच्या नामावलीत प्रोड्रोमूही आहेत. म्हणजे ज्या स्थलांतराने धागे तुटले, त्याच्याच पोटी नवे सूत्र जन्मले. त्याची कल्पना टपालासारखी आहे. प्रत्येक व्यक्तीला एक आवक पेटी, एक जावक पेटी आणि प्रत्येक पत्रावर ते कोणासाठी आहे याचा पत्ता. २३ जानेवारी २०१८ रोजी अॅक्टिव्हिटीपब अधिकृत शिफारस झाले.

मॅस्टोडॉनने तितकी वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०१७ च्या १.६ या आवृत्तीत त्याने अॅक्टिव्हिटीपब आत्मसात केले आणि ओस्टेटसही ठेवले. समोरच्या सर्व्हरला नवी भाषा येते असे आढळले की पुढचा व्यवहार तिच्यात होई, नाहीतर जुन्या भाषेत. असा द्विभाषिक कारभार दोन वर्षे चालला. ऑक्टोबर २०१९ च्या ३.० या आवृत्तीतून ओस्टेटस काढून टाकण्यात आले. दोन भाषा सांभाळणे म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा करणे, आणि हे काम मोजक्या माणसांवर होते. फ्रेंडिकासारखी सॉफ्टवेअरे मात्र अनेक प्रोटोकॉल बोलत दुभाष्याची भूमिका करीत राहिली.

योगायोग असा की त्यानंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेल्यावरून वाद उसळला आणि भारतातील बरेच लोक मॅस्टोडॉनवर आले. त्यांना ओस्टेटस हा शब्दही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तयार घरात येणाऱ्याला पायाचे दगड दिसत नाहीत.

हा इतिहास तेथे संपला नाही. अॅक्टिव्हिटीपबच्या शिफारशीने पत्रावरील सहीची पद्धत सक्तीने ठरवलेली नव्हती. मॅस्टोडॉनने त्या वेळी उपलब्ध असलेल्या एका मसुद्यावर आधारित सही वापरली आणि इतरांनीही तीच उचलली. त्या विषयाचे पक्के मानक आरएफसी ९४२१ या नावाने निघाले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि ते जुन्या मसुद्याशी जुळत नाही. पुन्हा तोच पेच. यावर सुचवलेल्या उपायाला तंत्रज्ञ ‘दोनदा दार ठोठावणे’ म्हणतात. एका पद्धतीने सही करून पाहावी, नाकारली गेली तर दुसऱ्या पद्धतीने. १९९३ च्या त्या दोन नमस्कारांचीच ही पुनरावृत्ती होय.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार गेले, तरी जुनी पुस्तके आम्हाला वाचता येतात आणि जुन्या वळणाच्या वाचकालाही नवे लेखन अडले नाही. माणसाचे वाचन असे उदार असते. यंत्राला ही उदारता मुद्दाम शिकवावी लागते, आणि ती शिकवण्यासाठी कोणाला तरी आपल्या फावल्या वेळात जुन्या भाषेची देखभाल करावी लागते. आयडेंटिकाच्या वेळी ते झाले नाही, मॅस्टोडॉनने ते दोन वर्षे केले. ती दोन वर्षे पुरेशी होती का, याचे उत्तर ज्या लहान सर्व्हरांना त्या काळात बदलता आले नाही त्यांनाच विचारावे लागेल. आणि ते आता आपल्याशी बोलू शकत नाहीत.