कॉम्प्रेशन कमी केलं की झालं?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याच्या फोनचं. ताईची जुनी छोटी पेट्रोल गाडी आता त्याच्याकडे आलीय आणि त्याला तिला टर्बो बसवायचाय. "मामा, तू उगाच घाबरतोस. हेडखाली जाड गॅस्केट टाकायचं, कॉम्प्रेशन कमी केलं की झालं!"

म्हटलं, दोन दिवस थांब. या "झालं" मागे बराच इतिहास आहे, तो लिहूनच काढतो. (ताई, तूही वाच.)

आधी थोडी शाळा. पिस्टन तळाशी असताना त्याच्यावर जेवढी जागा असते आणि तो वर पोचल्यावर जेवढी उरते, त्यांचं प्रमाण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. ९:१ म्हणजे नऊ भागांतलं मिश्रण एका भागात दाबलं. जास्त दाबलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं. टर्बो मात्र हवा आधीच दाबून आत पाठवतो. वर पुन्हा तेवढंच दाबलं तर मिश्रण इतकं तापतं की ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल आपणहून भडकतं. हेच नॉकिंग. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की येणारा तो कडकड आवाज आठवा. टर्बोच्या इंजिनात तो फार चालला तर पिस्टनच फुटतो.

१९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने तिथल्या मानाने छोट्या अशा दोन गाड्यांना टर्बो लावला. एकाच घरातली दोन भावंडं, पण स्वभाव वेगळे. शेवरोलेच्या कॉर्व्हेअरमध्ये त्यांनी कॉम्प्रेशन ८:१ ठेवलं. तिच्या बिनटर्बोच्या जास्त ताकदीच्या इंजिनात ते ९:१ होतं. ओल्ड्समोबिल जेटफायरवाल्यांनी काहीच सोडलं नाही. १०.२५:१ तसंच ठेवलं आणि नॉकिंग आवरायला पाणी व मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात सोडलं. त्याची वेगळी टाकी मालकाने भरत राहायची. ती रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी व्हायचा, आणि गाडीची ताकदही. लोक पेट्रोल आठवणीने भरतात, हे कोण भरणार? १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. पुढे १९६५ मध्ये कंपनी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देऊ लागली. टर्बोची कॉर्व्हेअर मात्र १९६६ पर्यंत मिळत होती.

म्हणजे आधीच पडतं घेणारा शहाणा? थांबा. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो आणली. कॉम्प्रेशन थेट ६.९:१, ताकद १७० हॉर्सपॉवर. पण टर्बो जोरात फिरेपर्यंत इंजिन मरगळलेलं, आणि मग एकदम धक्का. त्यातच तेलसंकट आलं. जेमतेम १,६७२ गाड्या बनल्या. कॉम्प्रेशन उतरवण्याची किंमत ही अशी रोजच्या, हळू चालवण्यात मोजावी लागते. सिग्नलला उभं राहून निघणाऱ्या माणसाला पूर्ण ताकदीचा काय उपयोग?

स्वीडनच्या साबने हे ओळखलं. १९७७ मध्ये दाखवलेल्या साब ९९ टर्बोत कॉम्प्रेशन ७.२:१ होतं, पण दाब लवकर तयार व्हावा आणि जादा झालेला एक्झॉस्ट वेस्टगेटमधून निघून जावा, असा बेत होता. खरी गंमत पुढे झाली. पेर गिलब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनावर नॉकिंग ओळखणारा सेन्सर बसवला. नॉकिंगची चाहूल लागली की टर्बोचा दाब लगेच कमी. एपीसी नावाच्या या यंत्रणेमुळे साब ९०० टर्बोचं कॉम्प्रेशन ८.५:१ पर्यंत परत चढवता आलं. आधीपासून भिऊन सगळंच सोडायची गरज उरली नाही. वेळ आली की तेवढ्यापुरतं सोडलं तरी पुरलं. पुढे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायला लागले, त्याने आतली हवा थंड होते. आपल्याकडे २०१३ मध्ये आलेल्या इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बोत कॉम्प्रेशन १०:१ होतं!

आता भाचेबुवा, तुझं गॅस्केट. पिस्टन वर येताना कडेच्या चिंचोळ्या फटीतून मिश्रण मधे ढकललं जातं, घुसळलं जातं आणि झटपट जळतं. जाड गॅस्केटने ती फट वाढते, जळणं मंदावतं. म्हणजे ज्या नॉकिंगसाठी खटाटोप केला, त्यालाच वाट करून दिली. कॉम्प्रेशन उतरवायचंच तर खोलगट माथ्याचे पिस्टन घाल. शिवाय वाढीव हवेला वाढीव पेट्रोल आणि इग्निशनचं टायमिंग कोण देणार, तेही ठरव.

सगळं वाचून दाखवल्यावर तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पिस्टनचा खर्च विचारून बघतो." विचार की! पण त्याआधी रविवारी गाडी घेऊन ये. आहे त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासू, प्लग काढून बघू. इतक्या वर्षांच्या गाडीत दम किती उरलाय ते तरी कळेल. जेवायला ताईकडेच जाऊ.

तुमच्यापैकी कुणी असा उद्योग केला असेल तर जरूर कळवा. फसलेला असेल तर आधी कळवा!