सुगम वास्तू आणि कायद्याची भाषा

सार्वजनिक वास्तू अपंग व्यक्तींनाही सुगम असावी, हे तत्त्व भारतीय कायद्यात स्पष्टपणे आले ते १९९५ च्या अधिनियमाने. रॅम्प, चाकाच्या खुर्चीस सोयीची स्वच्छतागृहे, उद्वाहनांत ब्रेल चिन्हे व ध्वनिसंकेत यांची तरतूद करण्याचे कर्तव्य ४६ व्या कलमाने शासनावर व स्थानिक संस्थांवर सोपविले. तथापि त्याच वाक्यात ‘आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत’ अशा अर्थाची अट होती. क्रियापद विध्यर्थी असले, तरी त्यातील सक्ती या एका पदबंधाने क्षीण झाली.

२०१६ च्या अधिनियमाने ही पळवाट बुजविली. नियमांशी विसंगत आराखड्यास बांधकामाची परवानगी नाही, असे ४४ व्या कलमाने ठरविले. जुन्या सार्वजनिक इमारतींना ४५ व्या कलमाने पाच वर्षांची मुदत दिली. परंतु २०१७ च्या नियमावलीतील १५ व्या नियमाने ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला दिला, त्यांची भाषा बहुतांशी शिफारशीचीच होती. कलमाने दिलेली सक्ती नियमात निसटली.

राजीव रतुरी यांच्या २००५ मधील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकी हीच विसंगती दाखविली. १५ व्या नियमाचा पहिला पोटनियम मूळ अधिनियमाच्या विरुद्ध ठरवून, तीन महिन्यांत अनिवार्य नियम करण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

रॅम्पचा चढ एकास बारा, हे प्रमाण स्थापत्यकारांना पूर्वीपासूनच अवगत होते. उणीव ज्ञानाची नव्हती. ‘असावा’ आणि ‘असलाच पाहिजे’ या दोन रूपांतील अंतर कायद्याने कापावयास एकोणतीस वर्षे घेतली. तोवर कित्येकांना पायरीशीच थांबावे लागले.